शेषेराव मामांचा शक

आमच्या शाळेचे शिपाई शेषेराव मामा यांनी आयुष्यात कुणावर विश्वास ठेवला असेल, तर तो शाळेच्या घंटेवर. तिच्यावरही पूर्ण नाही. घंटा वाजवून झाली की ते हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन घड्याळ बघायचे आणि मग हेडमास्तरांकडं बघायचे, की यांनी काट्यांना हात तर लावला नाही ना.

उंच, वाळका माणूस. खाकी सदरा, डोक्याला पांढरा रुमाल आणि बोलताना एक डोळा बारीक करायची खोड. सकाळी सव्वादहाला ते फाटकात उभे राहिले की आम्ही पोरंपोरी घाईघाईनं नखं कुरतडायचो. नखं बघायचे, दप्तरात चिंचा आहेत का बघायचे, केसांच्या लाल फिती घरी बांधल्यात की वाटेत, हे गाठीवरून ओळखायचे. ताप आला म्हणून कुणी सुट्टी मागितली, तर आधी त्याच्या कपाळाला हात लावायचे, मग स्वतःच्या. "माझं कपाळ तुझ्याहून गरम हाय. मी चाललो का घरी? जा वर्गात."

त्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा, शक. "मला शक हाय," असं ते म्हणाले की ते पोर मेलंच.

मी तेव्हा आठवीत होते. आठवीला आलं की मूल मोठं झालं असं घरच्यांना वाटायचं आणि अजून लहानच आहे असं शाळेला. त्यामुळं दोन्हीकडची कामं आमच्याच बोडक्यावर. पहाटे टँकरला नंबर लावायचा, धाकट्यांना न्हाऊ घालायचं, भाकरी थापायच्या आणि साडेदहाला पांढरं पोलकं, निळा परकर घालून प्रार्थनेच्या रांगेत सरळ उभं राहायचं. शुद्धलेखनाचं रोज एक पान. उशीर झाला तर कारण, आणि कारण दिलं तर त्यावर मामांचा शक. आपण मोठे की लहान हे एकदाचं कुणीतरी ठरवून टाकावं, असं मला फार वाटायचं.

लातूर जिल्हा वेगळा होऊन चौथं वर्ष लागलं होतं. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं, शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं. शाळेला 'जिल्हा लातूर' असा नवा शिक्का कधीच आला होता, पण मामांनी जुना उस्मानाबादचा शिक्का कपाटात जपून ठेवला होता. "न जानो, जिल्हा वापस घेतला तर?" असं ते हेडमास्तरांना म्हणाले होते. जिल्हा नवा झाल्यानं एक मात्र झालं होतं. पूर्वी उस्मानाबादहून साहेब लोक वर्षातून एकदा यायचे, तेही आले तर. आता लातूरहून जीप निघाली की तासा-दीड तासात गावात. कधी कोण येऊन काय तपासेल याचा नेम नव्हता, आणि मामांना ही गोष्ट मनापासून आवडायची.

त्या साली पाऊस पडला नाही. जानेवारीत शाळेचा आड आटला आणि मल्लिकार्जुन सरांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, नवा नियम काढला. प्रत्येकानं घरून रोज एक तांब्या पाणी आणायचं आणि व्हरांड्यातल्या रांजणात ओतायचं. तीनदा रिकाम्या हातानं आलं की पालकांना बोलावणं. पालक आले नाहीत तर पटावरून नाव कमी. सर काही दुष्ट नव्हते. पाण्यावाचून आसपासच्या शाळा दुपारीच सुटत होत्या आणि आपली शाळा पाचपर्यंत चालवायचीच, असा त्यांचा हट्ट होता.

रांजणापाशी मामा उभे. मी वर्गाची मॉनिटर, म्हणून वही माझ्या हातात. पोरं एकेक तांब्या ओतायची, मामा आधी त्यात करंगळी बुडवून जिभेला लावायचे. "हे बोअरचं खारं पानी हाय. गोडं घरी पिऊन हे शाळंला आनलं व्हय रे?" मग ते मान हलवायचे आणि मी नावापुढं खूण करायचे. ते माझ्या तांब्यात मात्र करंगळी घालत नसत. मी दुकानदाराची पोर, वहीवाली, मामांच्या शेजारी उभी राहणारी. मला त्याचा फार तोरा होता.

शांतम्मा डिसेंबरात आली. सीमेपलीकडच्या एका खेड्यातून, बिदर जिल्ह्याचा शिक्का असलेला दाखला घेऊन. मामांनी तो दाखला उन्हात धरून बघितला, उलटा करून बघितला, मग कुठं आत जाऊ दिला. महादेवाच्या देवळामागं तिचा मामा सिद्धराम राहायचा, त्याच्याकडं ती राहायला आली होती. कपाळाला विभूती, आमच्यासारखीच. तिच्या गावची शाळा मराठी होती, पण घरातली बोली कानडी. मराठी ती वाचायची छान, लिहायची त्याहून छान. पण कुणी दरडावून विचारलं की तिच्या तोंडातून कानडीच यायचं. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव यंडूगुंडू ठेवलं.

गणिताच्या चाचणीत तिला पंचवीसपैकी चोवीस पडले आणि मला एकोणीस. एकोणीस काही कमी नसतात. पण सरांनी तिची वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि मला ती पोर त्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोशी झाली. हे मी आज सरळ सांगते, तेव्हा मेले असते तरी सांगितलं नसतं.

जानेवारीच्या शेवटाला एका सकाळी शांतम्मा रिकामा तांब्या घेऊन आली. मामांनी डोळा बारीक केला.

"पानी का बरं आनलं न्हाईस?"

"बर, मामा."

मागची पोरं फिदीफिदी हसली.

"आगं, का बरं, म्हनून मी इचारून राहिलो!"

"बर," ती पुन्हा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बर बिद्दद, मामा…"

पुढचं हसण्यात बुडून गेलं. मामांच्या रुमालाखालच्या शिरा ताठ झाल्या. बत्तीस गावच्या पोरांना सरळ केलेल्या माणसाला ही एवढीशी पोर वेडावून दाखवते म्हणजे काय? "लिही, कमल," ते मला म्हणाले. "रिकामा तांब्या. आन् म्होरं लिही, उद्धट."

मला माहीत होतं. माझी आई उदगीरकडची. आमच्या घरात सैपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कानडी आणि बाहेर मराठी. कानडीत बर म्हणजे दुष्काळ. बर बिद्दद, दुष्काळ पडलाय. पाणी का आणलं नाहीस, तर दुष्काळ आहे, मामा. एवढं साधं उत्तर ती देत होती. मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथं गोष्ट मिटली असती.

पण तोंड उघडलं असतं तर माझी कानडीही उघडी पडली असती. घरात मी आईला अव्वा म्हणायचे आणि शाळेच्या वाटेवर आई. पाचवीपासून मी हे सांभाळलं होतं. यंडूगुंडूची जोडीदारीण व्हायची माझी तयारी नव्हती, आणि ते चोवीस मार्कही होतेच. मी 'उद्धट' लिहिलं. चांगलं वळणदार, द ला ध नीट जोडून लिहिलं.

दोन दिवसांनी ती पुन्हा रिकामी आली. या वेळी मामांनी तिला काही विचारलं नाही. तांब्या हातात घेतला, उलटा केला. तीन-चार थेंब त्यांच्या तळहातावर पडले.

पोरं वर्गात गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "कमल, मला शक हाय. तांब्या आतून वला हाय. भरून निघती आन् खाली पोचती. मधी पानी जातं कुठं?"

दिवसभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. हॉटेलवाल्याला देत असेल. नाहीतर सिद्धरामनं कुठं रोप जगवलं असेल, त्याला घालायला लावत असेल. "सिद्धराम घुम्या मानूस हाय," ते म्हणाले, "घुम्याचा भरोसा न्हाई." घंटा मारतानाही ते देवळाच्या दिशेनं बघत होते.

मामा असे का झाले, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते सरकारी कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, वाटायला होते. एक दिवस पोत्यात सुकडी कमी भरली. खाल्ली होती दुसऱ्यानंच, पण आळ मामांवर आला. महिनाभर बायाबापड्या त्यांच्या तोंडावर "चोर" म्हणायच्या आणि पदर पुढं करायच्या. खरा चोर पुढं सापडला, पण तोवर मामांचा स्वभाव होऊन बसला होता. मला वाटतं, त्यांनी ठरवलं असावं की यापुढं लोक आपल्यावर शक घेण्याआधी आपणच तो घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते आमच्या दुकानापुढं उभे. बापूंना, म्हणजे माझ्या वडलांना, म्हणाले, "पोरीला घटकाभर पाठवा. शाळंचं काम हाय." मला म्हणाले, "साक्षीदार पायजे. माझ्या एकट्याच्या बोलन्यावर सर भरोसा ठेवत न्हाईत."

सिद्धरामच्या घरासमोरून जाताना त्याची बायको नीलाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. मामांनी तिला रामराम केला. शांतम्मा नुकतीच निघाली होती, दप्तर पाठीला आणि भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून. ती शाळेकडं न वळता निलंग्याच्या रस्त्याला लागली. मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की बघ, मी काय म्हणत होतो.

रस्त्याच्या कडेला रोजगार हमीचं खडी फोडायचं काम चालू होतं. पन्नासेक बाया दगडांच्या ढिगाशी बसल्या होत्या. कामावरचा पाण्याचा टँकर दुपारनंतर यायचा, आला तर. शांतम्मा एका बाईपाशी गेली. बाईनं हातोडी खाली ठेवली, तांब्या घेतला आणि घटाघटा, मधे एकदाही न थांबता पिऊन टाकला. शेवटचा घोट तिनं पोरीला देऊ केला. पोरीनं मान हलवली. दोघींचे नाक-डोळे एकच. ती तिची आई, बसम्मा.

मामांचा बारीक केलेला डोळा मोठा झाला. आता आपण परत जाऊ, असं मला वाटलं.

तेवढ्यात मुकादम हजेरी घ्यायला लागला. शेजारी खुर्चीवर लातूरहून आलेला एक तपासणीस बसला होता, मांडीवर फाईल घेऊन. मुकादमानं हाक मारली, "नीलाबाई सिद्धराम!"

बसम्मानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हाव."

"ही कुठली नीलाबाई?" मामा मोठ्यानं म्हणाले. "नीलाबाईला तर आत्ता घरी दारात बघून आलो!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. अकरा वर्षं ते हेच करत आले होते. हजेरीत एक पोर दुसऱ्याच्या नावाला "हजर" म्हणालं, की मामा खिडकीतून ओरडायचे. तोंडातून निघून गेलं आणि मग ते स्वतःच दचकले.

तपासणिसानं मान वर केली. काम इथल्या रहिवाशांना होतं. बसम्मा पलीकडच्या राज्यातली, म्हणून भावजयीच्या नावावर बसली होती. कागद मागवले, अंगठे बघितले, लाल शाईनं नाव खोडलं. मुकादम बसम्मावर असा ओरडला, जणू त्याला आजच कळलं. तिनं हातोडी उचलून मुकादमापुढं ठेवली, पदर सारखा केला आणि पोरीचा हात धरला. आमच्या जवळून जाताना शांतम्मानं आधी मामांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. माझ्याकडं जास्त वेळ बघितलं. मी उदगीरवालीची पोर आहे हे तिला माहीत असावं, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

त्या दिवशी ती शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सिद्धराम येऊन सांगून गेला, की मायलेकी एसटीनं गावाकडं गेल्या. "मला आता काही इचारू नका," एवढंच तो म्हणाला. मल्लिकार्जुन सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चोवीस मार्क होते हो तिला," ते म्हणाले.

आठ दिवस मी ताटावरून अर्धवट उठत होते. आईला वाटलं दृष्ट लागली. शेवटी मधल्या सुट्टीत मी रांजणापाशी गेले आणि मामांना सगळं सांगून टाकलं. बर म्हणजे काय ते सांगितलं, आणि मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, हेही सांगितलं.

मामांनी रांजणावर झाकण ठेवलं. मग खाली पायरीवर बसले.

"म्हंजे ते लेकरू पहिल्याच दिशी खरं बोललं व्हतं?"

"हाव, मामा."

"दुष्काळ हाय म्हनलं व्हतं?"

"हाव."

"तवाच कळलं असतं तर मी म्हनलो असतो, खरं हाय बाई, जा वर्गात. तिच्या मागं गेलोच नसतो." त्यांनी रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. मी त्यांना उघड्या डोक्यानं कधी बघितलं नव्हतं. "दोनशे लेकरं हायेत शाळंत, कमल. समद्यायवर शक घेतला. तुझ्यावर तेवढा घेतला न्हाई."

त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. मी तिथंच उभी राहून रडले आणि ते मला गप्प हो असंसुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामांनी रजा टाकली. अकरा वर्षांत पहिली. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते सकाळची घंटा देऊन गेले होते. सरांना म्हणाले, "तिचं नाव आठ दिस पटावर ऱ्हाऊ द्या. मी घेऊन येतो तिला. तिचा तांब्या मी भरीन." सरांनी मान डोलावली. निलंग्याहून एक एसटी, सीमेपलीकडं दुसरी आणि पुढं पायी, असा त्यांचा बेत होता. दोन दिवस घंटा सरांनीच वाजवली, आणि ती दर वेळी चुकली.

मामा तिसऱ्या दिवशी परत आले. एकटेच. सरांना म्हणाले, "त्या नावाचं गावात कुनी न्हाई. पत्ता चुकीचा हाय." सरांनी सुस्कारा टाकला, पट उघडला आणि नावावर रेघ मारली.

मला ते पटलं नाही. मामांना पत्ता सापडत नाही, असं होणारच नव्हतं. दोन दिवस मी त्यांच्या मागं मागं फिरले, तेव्हा कुठं ते बोलले. फाटक लावता लावता, माझ्याकडं न बघता.

"घर सापडलं व्हतं. शाळंचा निळा परकर दोरीवर वाळत व्हता, आजून वलाच व्हता. मी हाक मारली. आतून कडी लागली."

"मग?"

"मी म्हनलो, बाई, मी हापिसातून आलो न्हाई, शाळंतून आलो. तर आतून दाराला पाटा लावल्याचा आवाज आला. म्हनलो, शांतम्मा, तुझं नाव आजून पटावर हाय, माझं चुकलं. तर तीच आतून बोलली, बसम्मा इल्ला. न्हाई म्हनत व्हती, बसम्मा हितं न्हाई. आईला लपवून राहिली व्हती लेकरू."

"मग तुम्ही काय केलं?"

"शेवटच्या गाडीपस्तोर बसलो दारात. न्हाई उघडलं."

"पण सरांना तुम्ही खोटं का सांगितलं, मामा?"

"घर सांगितलं तर उद्या सर कागद धाडतेन. कागद बघून त्या तेबी घर सोडतेन." त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि सवयीनं दोनदा ओढून बघितलं. "त्येंचं काय चुकलं, सांग. मी त्येंच्या जागी असतो तर मीबी न्हाई उघडलं असतं."